नवव्या मजल्यावरचं वाळवण: दोन उन्हाळ्यांतल्या कुरडयांचा प्रकरण अभ्यास

कुटुंब मूळचं साताऱ्याच्या माण तालुक्यातलं, दहिवडीच्या बाजूचं. पुण्यात वाकडला नवव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. नवरा-बायको दोघंही नोकरी करणारे, शाळेत जाणारी दोन मुलं, आणि शिमग्यानंतर दोन-तीन महिने गावाहून राहायला येणाऱ्या सासूबाई. सून त्यांना आत्याबाई म्हणते. हॉलला लागून पश्चिमेची बाल्कनी, पाच फूट खोल आणि आठ फूट लांब. स्वयंपाकघरामागे उत्तरेची छोटी ड्राय बाल्कनी. गच्चीला कुलूप.

पहिल्या उन्हाळ्यात या घरात अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात ५ किलो गव्हाच्या कुरडया घातल्या गेल्या. चीक, म्हणजे भिजवलेले गहू वाटून-गाळून निघणारा पांढरा भाग, आंबूस झाला, बऱ्याचशा कुरडया काढताना मोडल्या, आणि धडधाकट म्हणून डब्यात गेलेल्यांना श्रावणात बुरशी लागली. दुसऱ्या उन्हाळ्यात त्याच बाल्कनीत, त्याच हातांनी, दीड-दीड किलोच्या दोन खेपा फाल्गुनात घातल्या. त्यांतल्या शेवटच्या कुरडया पुढच्या होळीला पुरणपोळीबरोबर तळल्या, तेव्हाही त्या पांढऱ्याशुभ्र फुलल्या. या दोन वर्षांत नेमकं काय बदललं, ते इथे मांडलं आहे.

पहिल्या वर्षी घरात जी कारणं सांगितली गेली ती सगळ्यांच्या ओळखीची आहेत: शहरातलं पाणी चांगलं नाही, दुकानातला गहू जुना, मिक्सरला जात्याची सर नाही. यातलं एकही खरं कारण नव्हतं. गावचं माप आणि गावचं कॅलेंडर जसंच्या तसं फ्लॅटमध्ये आणलं, ही मूळ चूक. गावाकडे वाळवणाचं ठिकाण म्हणजे माळवद, घराचं सपाट मातीचं छप्पर, आणि त्यावर सकाळी आठपासून पाचपर्यंत आडवं-उभं सगळं ऊन. माणची हवा कोरडी. चार घरच्या बायका आपापला सोऱ्या घेऊन यायच्या, चुलीवर रुंद बुडाचं पातेलं असायचं. तिथे दोन पायल्या गहू भिजवले तरी ऊन कमी पडत नाही, हात कमी पडत नाहीत आणि चीक गार व्हायला वेळच मिळत नाही. फ्लॅटमध्ये या तिन्ही गोष्टी मोजून-मापून असतात. त्यातही सगळ्यात कमी असतं ते ऊन. म्हणून आधी ऊन मोजायचं आणि मग गहू भिजवायचे, हा क्रम. आपल्याकडे बहुतेक घरांत तो उलटा असतो.

ऊन मोजणं म्हणजे काय, ते नीट सांगायला हवं, कारण इथेच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. "आमची बाल्कनी दक्षिणेची आहे, ऊनच ऊन" असं लोक सांगतात. ते थंडीत खरं असतं. पुणं साधारण साडेअठरा अक्षांशावर आहे, आणि मेच्या मध्यावर सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, तोच आपला शून्य सावलीचा दिवस. डोक्यावरचं ऊन माळवदावर पडतं. बाल्कनीत ते पडत नाही, कारण वर शेजाऱ्याच्या बाल्कनीचा स्लॅब असतो. नऊ फूट उंचीचा मजला धरला तर दक्षिणेच्या बाल्कनीत भर दुपारी मार्चच्या मध्याला तीन फुटांपर्यंत ऊन आत येतं, आणि एप्रिलच्या शेवटाला जेमतेम वीतभर. म्हणजे बाहेर ४० अंश तापलेलं असतं तेव्हा दक्षिणेच्या बाल्कनीत वाळवणापुरतंही ऊन नसतं. हवा तापलेली असते म्हणून ते लक्षात येत नाही.

पूर्वेच्या बाल्कनीत सकाळी सात ते साडेदहा-अकरा हा वेळ मिळतो, पश्चिमेच्या बाल्कनीत दुपारी दोन ते पावणेसहा. या घरातल्या बाल्कनीत मार्चच्या मध्याला दुपारी दोनला बाहेरचे तीन फूट उजळतात आणि तीनला ऊन थेट हॉलच्या दारापर्यंत येतं. पण बाल्कनीला तीन फुटांची भरीव भिंत आहे. तीन वाजता त्या भिंतीची दोन फूट सावली जमिनीवर पडते. पहिल्या वर्षी प्लास्टिकचा कागद जमिनीवरच अंथरला होता, त्यामुळे भिंतीलगतच्या दोन ओळी कायम सावलीत राहिल्या. नंतर बुरशी आली ती बहुतेक याच कुरडयांतून. कुरडया एकदा डब्यात मिसळल्या की कुठली कुठली हे ओळखता येत नाही, आणि एका ओल्या कुरडईने सगळा डबा जातो.

आता जागेचा हिशेब. एक कुरडई साडेतीन-चार इंचांची, मधली फट धरून पाच इंचांचा चौकोन अडवते. एका चौरस फुटात सहाच्या आसपास बसतात. एक किलो गव्हाच्या साधारण चाळीस-पंचेचाळीस होतात, पाच किलोच्या दोनशेवर. त्यांना पस्तीस-चाळीस चौरस फूट लागतात, म्हणजे अख्खी बाल्कनी, सावलीसकट. खरं ऊन असलेली जागा त्याच्या दोन-तृतीयांशही नव्हती. पण जागा कमी आहे हे कळलं कुरडया घालायला बसल्यावर. उरलेला चीक झाकून ठेवला, तो गार झाला, आणि तिथून मोडतोड सुरू झाली.

ऋतूचीही चूक झालीच. पुण्यात वैशाखात सकाळ लख्ख असते. दुपारनंतर ढग जमतात आणि चार-पाचला वळीव येतो. पश्चिमेच्या बाल्कनीचं ऊन नेमकं त्याच वेळेचं. पूर्वेची बाल्कनी असती तर कदाचित निभावलं असतं. पश्चिमेला दुसऱ्याच दिवशी तीन वाजता आभाळ भरलं, वाऱ्याने धूळ आली, कागद गोळा करून पलंगावर आणावा लागला. अर्धवट वाळलेल्या कुरडया एकमेकींवर पडल्या की तुटतात, आणि पडून राहिल्या की घाम धरतात.

दुसऱ्या वर्षी आधी गरज मोजली. हे काम अगदी साधं आहे, पण फार कमी घरांत होतं. सणवार आणि जेवणावळी धरून वर्षात आठ-दहा वेळा कुरडई तळली जाते: गौरी, पितृपक्ष, दिवाळीतला एखादा दिवस, होळी, पाडवा, आमरसाची दोन-तीन जेवणं, आलेगेले पाहुणे. दर वेळी आठ-नऊ धरल्या तर वर्षाला जास्तीत जास्त ऐंशी-नव्वद. गावाकडे दोन पायल्या लागायच्या, कारण त्यात लेकींचे वाटे होते, वाणवळा होता, एखाद्या लग्नाचं रुखवत होतं. इथे सव्वाशे कुरडया म्हणजे नणंदेचा वाटा काढूनही भरपूर. म्हणून ३ किलो गहू, दीड-दीड किलोच्या दोन खेपा, दोन वेगळ्या रविवारी. एका खेपेला साठ-पासष्ट कुरडया आणि त्यांना अकरा-बारा चौरस फूट.

तेवढ्या जागेसाठी दोन बाय तीन फुटांच्या दोन चौकटी करून घेतल्या. लाकडी पट्ट्या, त्यावर खिडकीला लावतात ती डासांची नायलॉन जाळी ताणून बसवलेली. चौकटी कपडे वाळत घालायच्या स्टँडवर आडव्या ठेवायच्या, म्हणजे त्या बाल्कनीच्या भिंतीच्या उंचीवर येतात आणि सावलीचा प्रश्नच मिटतो. जाळीमुळे खालूनही हवा लागते. वाकडसारख्या भागात शेजारी बांधकाम चालू असतंच. त्या धुळीसाठी आणि कबुतरांसाठी वरून जुनी पातळ सुती ओढणी, चारही कोपऱ्यांना चिमट्यांनी ताणून. ओढणी कुरडईला टेकू नये म्हणून चौकटीच्या कोपऱ्यांत चार वाट्या पालथ्या घातल्या. कबुतराची विष्ठा पडलेली कुरडई पुसून ठेवायची नाही, टाकायची. आणि नवव्या मजल्यावर दुपारचा वारा चौकट उचलतो, तेव्हा ती स्टँडला सुतळीने बांधलेली बरी.

वेळापत्रक असं बसलं: बुधवारी संध्याकाळी सातला गहू ओले घातले. रोज सकाळी सात आणि संध्याकाळी सात, दोन्ही वेळा पाणी बदललं. शनिवारी संध्याकाळी सातला बरोबर तीन दिवस भरले, त्याच रात्री वाटून-गाळून चीक ठेवला, आणि रविवारी शिजवला. यात कोणालाच रजा काढावी लागत नाही. फाल्गुनात मुलांच्या परीक्षा आणि नोकरदारांचा मार्चअखेर असतो, तेव्हा नेमके कोणते दोन रविवार हे महिनाभर आधी ठरवलेलं बरं.

गहू साधा लोकवन, निवडून, दोन पाण्यांनी धुतलेला. भांडं रुंद, आणि पाणी गव्हावर चार बोटं. वर गच्च झाकण लावायचं नाही, कापड बांधायचं. आंबताना वायू सुटतो, आणि कोंडला की वास उग्र होतो. फ्लॅटमध्ये हा वास घरभर जातो आणि दारातून जिन्यातही, म्हणून भांडं ड्राय बाल्कनीत. मार्चमध्ये पुण्यात रात्री गार असतात, तेव्हा तीन दिवस लागतात. मे महिन्यात तेच गहू अडीच दिवसांत तयार होतात. पहिल्या वर्षी इथेही फसगत झाली. गावच्या सवयीने पुरते तीन दिवस ठेवले, तेही दिवसातून एकदाच पाणी बदलून, बंद फ्लॅटच्या उकाड्यात. चीक आंबला तो तिथे. दुसऱ्या वर्षी सून घड्याळ बघून विचारायची, "आत्याबाई, पाणी बदलू ना?" आणि उत्तर यायचं, "आधी वास घे गं. मग दाणा दाब." हीच खरी परीक्षा. वास आंबट-गोडसर ताकासारखा हवा, कुबट नको. दाणा चिमटीत दाबला की साल एकीकडे आणि दुधासारखा पांढरा चीक दुसरीकडे सुटला पाहिजे. मधे कडक कणी लागली तर अजून सहा तास. बोटांना बुळबुळीत तार लागली तर लगेच दोन-तीन पाण्यांनी धुऊन वाटायला घ्यायचं.

मिक्सरचं भांडं निम्म्याहून कमी भरायचं. गव्हाइतकंच पाणी, आणि बटण तीन-चार वेळा थांबून-थांबून. सलग फिरवायचं नाही. बारीक वाटलं की सालाचा भुगा होतो, तो चाळणीतून खाली उतरतो आणि कुरडई लालसर होते. आधी पुरणाच्या चाळणीतून आणि मग धुवट सुती कापडातून गाळायचं. चोथा पुन्हा पाण्यात कुस्करून दोनदा पिळायचा, चिकाचा बराच भाग त्यात अडकलेला असतो. चोथ्याच्या भुसवड्या घालता येतात.

एक गोष्ट शहरातच कळते. चोथा धुतलेलं पाणी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये सोडायचं नाही. गव्हातला चिवट चिकट भाग दोऱ्यांसारखा पाण्याबरोबर जातो, सिंकखालच्या वळणात बसतो, आणि वर पिठूळ गाळ साचला की पाणी तुंबतं. गावाकडे हे पाणी परड्यात जायचं किंवा जनावरांपुढे. पहिल्या वर्षी या घरात दोन दिवस सिंक बंद पडलं, प्लंबरने खालची बाटली उघडली तेव्हा मुठीएवढा गोळा निघाला. पाणी गाळून बाथरूमच्या मोरीत, मागून दोन बादल्या साधं पाणी. चोथा ओल्या कचऱ्यात किंवा कुंडीच्या खतात.

गाळलेला चीक उंच बादलीत ठेवण्यापेक्षा रुंद पातेल्यात ठेवावा, रात्रभरात नीट बसतो. सकाळी वरची पिवळसर निवळी अलगद ओतून काढायची. खाली पांढरा घट्ट थर असतो, आणि त्यावर पातळसा करडा थर. तो करडा थर चमच्याने खरवडून काढला की कुरडईचा रंग उजळतो. चीक आंबूस वाटला तर निवळी काढून नवं पाणी घालायचं, ढवळायचं, पुन्हा चार-पाच तास बसू द्यायचं. पहिल्या वर्षी हे करता आलं असतं. घाईत केलं नाही.

शिजवण्याची वेळ उन्हाच्या वेळेवरून ठरवायची. ऊन दोनला येतं, तर सकाळी आठला कुरडया घालून सहा तास सावलीत ठेवण्यात काहीच फायदा नाही. निवळी काढलेला चीक तोपर्यंत फ्रिजमध्ये ठेवला, पाऊणला शिजवायला घेतला, आणि पावणेदोनला शेवटची कुरडई पडली. पूर्वेची बाल्कनी असेल तर हेच सगळं पहाटे सहाला.

दीड किलो गव्हाचा घट्ट चीक साधारण सहा वाट्या निघाला. त्याला सहा वाट्या पाणी, तीन सपाट चमचे मीठ, पाव चमचा हिंग. चीक फारच घट्ट बसला असेल तर वाटीला सव्वा वाटी पाणी. वाळल्यावर पाणी उडून जातं आणि मीठ तेवढंच राहतं, म्हणून चव घेताना मीठ किंचित कमीच वाटलं पाहिजे. आत्याबाईंचं माप ओंजळीचं आणि चिमटीचं. सुनेने त्यांच्या मिठाच्या प्रत्येक चिमटीखाली वजनकाटा धरला आणि आकडा लिहून ठेवला. हे प्रत्येक घरात करावं असं मनापासून वाटतं, कारण हाताचं माप त्या हातांबरोबरच जातं.

पाच किलोचा चीक पहिल्या वर्षी एकाच मोठ्या पातेल्यात चढवला होता. गॅसची ज्योत मधोमध, पातेलं तिच्या तिप्पट रुंद. मधे करपलं, कडेला कच्चं राहिलं. कच्चा चीक वाळताना कळत नाही, तळताना कळतो: कुरडई फुलत नाही, दाताखाली पांढरे कडक दाणे येतात. दुसऱ्या वर्षी सहा वाट्यांचेही दोन घाणे केले, जाड बुडाच्या पातेल्यात, खाली तवा ठेवून. पाण्याला खळखळून उकळी आली की गॅस मंद करायचा. एकाने चिकाची बारीक धार धरायची, दुसऱ्याने लाटण्याने एकाच दिशेने हाटत राहायचं. धार जाड झाली की गाठी होतात आणि गाठ सोऱ्याच्या जाळीत अडकते. आधी सगळं दुधाळ दिसतं, मग घट्ट होतं, मग हळूहळू काचेसारखी चमक येते. बारा-पंधरा मिनिटं हाटल्यावर झाकण ठेवून सात-आठ मिनिटं वाफ. पाण्याचं बोट चिकाला लावलं आणि चिकटलं नाही, म्हणजे झाला.

याच वेळी स्वयंपाकघराच्या दारात मुलं वाट्या घेऊन उभी असतात. गरम चीक वाटीत, मधे खळगा, त्यात दूध-साखर. आत्याबाईंना मात्र कच्चं तेल आणि वर चिमूटभर मीठ. दीड किलोच्या खेपेत चार वाट्यांचा हा वाटा धरलाच पाहिजे. तो काढला नाही तर पुढच्या वर्षी मुलं हाताखाली येणार नाहीत.

चीक गरम असेपर्यंतच कुरडई पडते. गार होताना तो घट्ट होत जातो, तार तुटते, सोऱ्या दाबताना हात भरून येतात. तुटक तारेची कुरडई वाळून उचलताना भुगा होते. पहिल्या वर्षी शेवटच्या दीड किलोचं असंच झालं. त्यावर उपाय तीन: पातेलं दुसऱ्या मोठ्या पातेल्यातल्या कढत पाण्यात ठेवणं, वर ओलं फडकं, आणि दोन सोऱ्या. एकजण भरतो, एकजण घालतो. सोऱ्याला आतून तेलाचं बोट. बाहेरून कडेने सुरुवात करून गोल आत यायचं, तीन-चार वेढे. मधे तारांचा डोंगर झाला की तोच भाग ओला राहतो, म्हणून मध्यभाग पातळ ठेवायचा. जाड कुरडई गावच्या उन्हात वाळते. बाल्कनीच्या पावणेचार तासांच्या उन्हात वाळत नाही.

पहिल्या दिवशी चौकटीवर जाड प्लास्टिकचा कागद, त्यावर कुरडया. संध्याकाळी सहाला चौकटी तशाच उचलून हॉलमध्ये, रात्रभर पंख्याखाली. दुसऱ्या दिवशी दुपारी कडा कागदापासून आपोआप सुटायला लागतात. तेव्हा कागद काढून कुरडया उलट्या करून थेट जाळीवर. कागदावरच ठेवल्या तर खालची बाजू घामेजलेली राहते, वरची कडक होते, आणि वाळल्या असं वाटतं. सोमवार-मंगळवारी घरात आत्याबाई होत्या म्हणून आत-बाहेर करणं झालं. कोणीच नसेल तर ओढणी बांधलेली चौकट बाल्कनीतच सोडून जाता येतं, पण मार्चमध्येच. मे महिन्यात नाही.

ओव्हनमध्ये वाळवायचा मोह होतो. टाळावा. जोराच्या उष्णतेने वरची तार लवकर कडक होते आणि आतला ओलावा अडकतो. पंख्याचा वारा आणि दुपारचं ऊन आलटून-पालटून मिळालं की आतला ओलावा हळूहळू बाहेर येतो. चार दुपारी पुरल्या.

वाळल्याची खात्री करायला काचेची बरणी घ्या. पाच-सहा कुरडया, त्यातही सगळ्यात जाड असतील त्या, कोरड्या बरणीत घालून झाकण घट्ट लावा आणि बरणी तासभर उन्हात ठेवा. आतून काचेवर दव दिसलं तर सगळी खेप अजून एक दुपार बाहेर. मोडून बघायची जुनी रीत, कट् असा आवाज, चांगलीच आहे, पण कड मोडून उपयोग नाही, मधली तार मोडायची. डब्यात भरल्यावर आठवड्याने आणखी एक दुपार उन्हं दाखवली, आणि डबा गॅसच्या ओट्यापासून आणि सिंकपासून लांब, सुक्या कपाटात ठेवला. पावसाळ्यात दोनदा, उघडीप बघून, डबा उघडून वास घेतला. बुरशी दिसली तर तेवढी काढून बाकीच्या वापरायच्या नाहीत. पुन्हा उन्हात घालूनही त्या खाण्याजोग्या होत नाहीत.

उत्तरेच्या ड्राय बाल्कनीचं काय, हा प्रश्न बऱ्याच घरांत येतो. तिथे ऊन नाही, वारा आहे, आणि उडदाच्या पापडांना तेच हवं. कडक उन्हात उडदाचा पापड वाकतो आणि तडकतो. मुंबईत गिरगावात १९५९ साली सात जणींनी ८० रुपयांच्या उसनवारीवर सुरू केलेल्या लिज्जत पापडाचं काम वाढलं ते याच आधारावर: बायका केंद्रावरून भिजवलेलं पीठ घरी न्यायच्या, लहानशा खोलीत लाटायच्या, बांबूच्या पालथ्या टोपलीवर पसरून वाळवायच्या आणि दुसऱ्या दिवशी परत द्यायच्या. पालथी टोपली फुगीर असते, म्हणून तेवढ्याच जमिनीवर जास्त पापड मावतात आणि खालून वारा खेळतो. या घरात दुसऱ्या वर्षी अर्ध्या किलोचे पापड उत्तरेच्या बाल्कनीत अशाच टोपलीवर वाळले. सांडगी मिरचीलाही एक ताट पुरतं. बटाट्याचा कीस मात्र या बाल्कनीत घेऊच नये. त्याला पहिल्याच दिवशी सकाळपासून कडक ऊन लागतं, नाहीतर काळा पडतो.

मुंबई-ठाण्यात हे वेळापत्रक जसंच्या तसं चालणार नाही. तिथे मार्चपासून हवेत दमटपणा वाढत जातो. तिथल्या घरांनी कुरडया डिसेंबर-जानेवारीत घालाव्यात. हवा त्यातल्या त्यात कोरडी असते, आणि दक्षिणेच्या बाल्कनीत तिरपं ऊन खोलवर येतं. गार हवेत गहू भिजायला मात्र अर्धा-पाऊण दिवस जास्त.

गच्ची मिळाली तर सगळंच सोपं होतं. गच्ची सगळ्यांची असते, म्हणून अर्ज नेमका हवा: कोणती तारीख, किती ते किती, किती जागा, आणि जमिनीच्या वॉटरप्रूफिंगला धक्का लागणार नाही असं खाटेवर किंवा स्टँडवर वाळवण. "उन्हाळाभर किल्ली द्या" म्हटलं की नकार येतो. या सोसायटीत दुसऱ्या वर्षी एका रविवारची परवानगी मिळाली, तीन घरांनी मिळून मागितल्यामुळे.

दुसऱ्या वर्षीही सगळं बरोबर झालं नाही. दुसऱ्या खेपेला मिक्सर जास्त फिरला आणि कुरडया लालसर झाल्या. खायला चांगल्या, पण गौरीपुढे ठेवायला आत्याबाई तयार झाल्या नाहीत. त्या आणि मोडलेल्या तुकड्यांचा डबा वेगळा ठेवून त्यांची भाजी केली. तुकडे कढत पाण्यात दहा मिनिटं भिजवायचे, मऊ झाले की चाळणीत निथळायचे, पिळायचे नाहीत. तेलात मोहरी, हिंग, भरपूर उभा चिरलेला कांदा, लसूण, हळद आणि कांदा-लसूण मसाला. कांदा मऊ झाला की तुकडे घालून वर झाकण, दोन वाफा. मीठ आधी घालायचं नाही, कुरडईत ते आहेच. शेवटी चाखून, वर कोथिंबीर, आणि लगेच गरम भाकरीबरोबर. गार झाली की तारा एकमेकींना चिकटतात.